नमुना एकेचाळीस

उसाच्या ट्रॉलीचा हूक. हुक्केरीहून आला,
कानडी वर्तमानपत्रात गुंडाळून,
तेलाचा डाग बरोबर एका पुढाऱ्याच्या कपाळावर.
दोन तुकडे.
मी वहीत लिहिते : एकेचाळीस, अ आणि ब.

देसूरकर सर सांगतात, तुटलेल्या तोंडाला बोट लावू नका,
आणि स्वतःच लावतात.

मग माझं काम.
दोनशेवीसचा पेपर, चारशे, सहाशे, हजार.
दर पेपरला नमुना काटकोनात वळवायचा,
म्हणजे आधीचे ओरखडे आडवे दिसतात
आणि गेले की गेले ते कळतं.
शेवटी मखमलीवर हिऱ्याची पेस्ट,
वाटाण्याएवढी. महाग. सही करून मिळते.
चौदा वर्षं मी लोखंडाचा आरसा करते आहे.
एकदा त्यात टिकली सरळ केली
ते शिवलीलाने पाहिलं.

शिवलीला गदगची. तिचा विषय :
ओतीव लोखंड थकतं कसं.
पलीकडच्या खोलीत तिची सळई रविवारपासून फिरते आहे
लटकतं वजन सोसत.
काट्यावर अठरा लाख सहा हजार.
ती डबा तिथेच उघडते, आवाज न करता,
पाळण्यात कुणी निजल्यासारखं.
"साकु," म्हणते ती. पुरे झालं घासणं.
"बघ की मग," मी खुर्ची सोडते.

मोहरी सांडावी तसे
काळे, सुटे, गोल दाणे दिसायला हवे होते.
भेग आली की त्यांच्यापाशी अडते, वळसा घेते, दमते.
इथे दाणे नाहीत.
अळ्या आहेत, कंगव्याचे मोडके दात आहेत,
आणि भेग त्यांच्यावरून गेली आहे
ओढ्यातल्या दगडांवर पाय टाकत जावं तशी.

तीन सेकंद आम्ल. पाणी, स्पिरिट, गरम वारा.
आता कणांच्या सीमा उमटतात.
हा शब्द आला की बेळगावात माणूस आधी आवाज उतरवतो.
आम्ही मोजत बसतो,
ती तिच्या आकड्यांत, मी माझ्या.
बेरीज जुळत नाही. पुन्हा मोजतो.

ब तुकड्याच्या पाठीवर, गंजाखाली,
एक बाण आणि सातचा आकडा.
हा बाण मला पाठ आहे.
लहानपणी आमच्या दाराला टेकण होतं, त्यावर होता.

सांगू नये असं ठरवून मी आप्पांना सांगितलं.
भाकरी मोडता मोडता ते थांबले.
"अळ्या? मग लाडल थांबली असंल."
उद्यमबागेत तीस वर्षं त्यांनी लाडल धरली,
मॅग्नेशियमच्या पांढऱ्या भडक्यात
डावी भुवई गेली ती परत आली नाही.
"सातची ना? लाईट गेली त्या दिवशी, क्रेन वरच लटकली.
अकरा मिनिटं. मी मोजलो.
म्हटलं, परत वितळवू की ओ.
तर म्हणला, ट्रक गेटवर उभा हाय."
मग मीठ मागितलं.
"ते काय, उडून जातंय. थांबत नाही कुणासाठी."

अहवालात एक ओळ :
संभाव्य कारण, प्रक्रियेनंतर ओतण्यास विलंब.
क्रेनला रकाना नाही. ट्रकला नाही.
ट्रॉली चढाला सुटली की उताराला,
मागे कोण चालत होतं, त्यालाही नाही.
सर सही करतात. पेन झटकून पुन्हा करतात.

शनिवारी आप्पा आले, तिसऱ्या गेटापासून चालत,
धुतलेला सदरा, काखेत दाराचं टेकण.
सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं, डोळा लावला नाही.
"हे माझं. हे काप," म्हणाले.
शिवलीलाने त्यांना स्टूल दिलं.
ते बसले नाहीत, काट्यावरचे आकडे बघत राहिले.

मी करवतीवर पाणी सोडलं,
नाण्याएवढा तुकडा काढला,
वहीत लिहिलं बेचाळीस,
आणि दोनशेवीसचा पेपर ओला केला.